मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

इंग्लंडमध्ये आईबापांकडून मूल काढून घ्यायचं ठरलं की पैशांची अडचण येत नाही. अडचण येते ती मूल आईबापांकडेच राहावं म्हणून काही करायचं म्हटलं तर. मी इथल्या एका कौन्सिलच्या हिशेब खात्यात काम करते. मोठे आकडे बघून डोळे पांढरे होण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. पण ‘परवडत नाही’ हा शेरा नेमका कुठल्या ओळीसमोर पडतो आणि कुठल्या ओळीसमोर कधीच पडत नाही, हे पाहिलं की आजही माझं टाळकं सरकतं.

शेरा हमखास पडणारी ओळ आहे फॅमिली ड्रग अँड अल्कोहोल कोर्टाची. सगळे त्याला एफडॅक म्हणतात. दारू किंवा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या आईबापांकडे मूल सुरक्षित नाही असं कौन्सिलला वाटलं, की 1989 च्या चिल्ड्रेन अॅक्टखाली अर्ज दाखल होतो. पुढे दोन वाटा. एक नेहमीची, दुसरी या कोर्टाची. नेहमीच्या वाटेवर कौन्सिलचा वकील, आईचा वकील, बापाचा वकील, मुलाचा वकील, मुलाच्या वतीने नेमलेला पालक-अधिकारी आणि वर एखाददुसरा तज्ज्ञ. कागदपत्रांच्या गठ्ठ्यावर 350 पानांची मर्यादा घालावी लागली, यावरून ओळखा. बाई मागच्या बाकावर बसलेली असते आणि तिच्या आयुष्याबद्दल पुढच्या बाकावरचे लोक एकमेकांशी अतिशय सभ्य भाषेत बोलत असतात.

दुसऱ्या वाटेवर न्यायाधीश पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच. कोर्टाला जोडलेलं एक पथक असतं. त्यात समाजकार्यकर्ते, व्यसनमुक्तीतले जाणकार, मानसोपचार करणारे. पहिल्या काही आठवड्यांत ते घराची सगळी तपासणी करतात आणि काय करायचं, केव्हापर्यंत करायचं, हे आईबापांसमोर बसून लिहून काढतात. त्यानंतर दर पंधरवड्याला सुनावणी, आणि या सुनावण्यांना वकील नसतात. न्यायाधीश थेट बाईशी बोलतात. झोप लागते का? घराच्या अर्जाचं काय झालं? मागच्या वेळी म्हणालात ते केलंत का? चाचणीत हे काय निघालं? केसांची चाचणी ही मोठी चोंबडी गोष्ट आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे कापलेल्या बटेत मागचे महिने ओळीने लिहिलेले असतात. या कोर्टात थाप मारून फार काळ निभत नाही. ज्यांना हे म्हणजे व्यसनी लोकांचे लाड वाटतात, त्यांनी दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशासमोर उभं राहून आपल्या आयुष्याचा हिशेब एकदा देऊन बघावा.

सुरुवात झाली जानेवारी 2008 मध्ये, लंडनच्या वेल्स स्ट्रीटवरच्या कोर्टात. जिल्हा न्यायाधीश निकोलस क्रिक्टन यांनी ते चालू केलं. एकाच बाईचं चौथं, पाचवं, सहावं मूल त्याच खुर्चीत बसून काढून घ्यायचं, या कामाला ते विटले होते. अमेरिकेत 1990 च्या दशकात, नेवाडातल्या रीनोपासून, अशी कोर्टं निघाली होती. ती पाहून क्रिक्टन यांनी इथल्या खात्यांमागे लकडा लावला. कॅम्डेन, इस्लिंग्टन आणि वेस्टमिन्स्टर या तीन कौन्सिलांनी हात दिला, केंद्र सरकारच्या खात्यांनी सुरुवातीचे पैसे घातले. माणसं दिली टॅव्हिस्टॉक अँड पोर्टमन या सरकारी आरोग्य ट्रस्टने आणि कोरम या संस्थेने. कोरम म्हणजे 1739 मध्ये सनद मिळालेल्या लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलची वारस. तिथे बाळ सोडून जाणाऱ्या आया पुढेमागे ओळख पटावी म्हणून कापडाचा तुकडा ठेवून जात. ते तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत, आणि त्या आयांपैकी फारच थोड्या बाळ न्यायला परत येऊ शकल्या. पावणेतीनशे वर्षं दुसऱ्यांची बाळं सांभाळलेली संस्था जेव्हा म्हणते की आधी आईला उभं करून बघू, तेव्हा तिला भाबडी म्हणण्याआधी जरा विचार करावा.

आता पैशांचं. सेंटर फॉर जस्टिस इनोव्हेशन या संस्थेने 2016 मध्ये लंडनच्या एफडॅकचा हिशेब मांडला. 2014-15 या वर्षात 46 प्रकरणं, खर्च 5 लाख 60 हजार पौंड. म्हणजे प्रकरणामागे बारा हजारांच्या थोडं वर. त्या 46 प्रकरणांतून पुढच्या पाच वर्षांत सरकारी यंत्रणांचे वाचणारे पैसे, अंदाजे 12 लाख 90 हजार पौंड. एका पौंडामागे दोन पौंड तीस पेन्स. कमी मुलं कायमची काढून घ्यावी लागतात, परत गेलेली मुलं पुन्हा कोर्टात कमी येतात, आईबापांचं व्यसन सुटलं तर दवाखान्याचा आणि पोलिसांचा भार हलका होतो. यात कुठे जादू नाही, बेरीज-वजाबाकी आहे.

या हिशेबाचं पुढे काय झालं? 2015 मध्ये ही कोर्टं देशभर पसरवायला शिक्षण खात्याच्या पैशांतून एक राष्ट्रीय केंद्र स्थापलं होतं. 2018 च्या सप्टेंबरात पैशांअभावी ते बंद पडलं. कौटुंबिक न्यायविभागाचे प्रमुख सर जेम्स मन्बी या कोर्टांच्या बाजूने उघड उभे होते, तरी बंद पडलं. पुढे कौटुंबिक वकिलांनी आणि देणगीदारांनी खिशात हात घातला म्हणून काम कसंबसं पुढे चाललं. वकिलांनी! ज्यांना नेहमीच्या वाटेवर फी मिळते आणि या वाटेवर कमी मिळते, त्यांनी. आणि सगळं जोरात होतं तेव्हाही इंग्लंडमधल्या बहुतेक कौन्सिलांच्या वाट्याला हे कोर्ट आलंच नव्हतं. म्हणजे बाई नदीच्या कुठल्या काठाला राहते यावर तिला कुठलं कोर्ट मिळेल ते ठरणार.

का, ते सांगते, कारण या कारखान्यात मी रोज असते. आमच्याकडे बचतीच्या दोन जाती आहेत. एकीला म्हणतात कॅशेबल, म्हणजे जी बचत पुढच्या मार्चपर्यंत आमच्याच अंदाजपत्रकातून काढून दाखवता येते. दुसरी जी होते, पण दाखवता येत नाही. एफडॅकची बचत दुसऱ्या जातीची. पथकाचा पगार देणार कौन्सिल. वाचणार कोणाचं? थोडं कौन्सिलचं, पण पुढच्या तीनचार वर्षांत. बाकी आरोग्य सेवेचं, कोर्टाचं, वकिलांची फी देणाऱ्या लीगल एडचं, तुरुंगांचं. त्यांच्यातलं कुणी आम्हाला चेक पाठवत नाही. मग अंदाजपत्रकाच्या बैठकीत कुणीतरी मान तिरकी करून विचारतं, हे वैधानिक आहे का? नाही, ऐच्छिक आहे. झालं. पेन्सिल त्या ओळीवर टेकते. बर्मिंगहॅमसारख्या अवाढव्य शहराने 2023 मध्ये सेक्शन 114 ची नोटीस काढून, म्हणजे जवळपास दिवाळंच जाहीर करून, सगळ्यांची झोप उडवल्यापासून ही पेन्सिल आणखी टोकदार झाली आहे. पेन्सिल धरणारे दुष्ट नाहीत, हे मला मान्य करावं लागेल. त्यांतली दोघं माझ्याबरोबर डबा खातात.

वैधानिक म्हणजे कायद्याने करणं भाग असलेलं. मूल काढून घेतलं की ते कुठेतरी ठेवणं कायद्याने भाग आहे. तिथे पेन्सिल चालत नाही. माझ्या टेबलावर त्याची बिलं येतात आणि ती मी मंजूर करते. कोर्टाच्या हुकमानुसार आईला भेटवायला मुलाला घेऊन जाणारी टॅक्सी, जाताना एक, येताना एक, शाळा दूर पडली म्हणून सकाळची वेगळी. भेटीच्या केंद्राचं भाडं. भेट चालू असताना कोपऱ्यात बसून ‘आईने बिस्किट दिलं, मुलाने घेतलं नाही’ असं वहीत टिपणाऱ्या बाईचे तास. दुभाष्याचे तास, आणि आई आलीच नाही तरी दुभाष्याचे तेवढेच तास. पोलंडच्या किंवा रुमेनियाच्या आजीची चौकशी करायला तिकडे गेलेल्या समाजकार्यकर्त्याचं विमान. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, आणि तो जुना झाला म्हणून त्याच मानसशास्त्रज्ञाचा पुरवणी अहवाल. ही सगळी बिलं मुलाच्या नावाने येत नाहीत, क्रमांकाने येतात. एकाच घरातली तीन मुलं तीन वेगळ्या गावांत ठेवलेली आहेत हे मला टॅक्सीच्या बिलावरून कळतं. भावंडांच्या भेटीचीही टॅक्सी असते.

आणि मग ती मोठी ओळ. बालगृह. नॅशनल ऑडिट ऑफिसने 2025 मध्ये सांगितलं की 2023-24 या वर्षात इंग्लंडच्या कौन्सिलांनी मुलांच्या निवासी गृहांवर 3.1 अब्ज पौंड घातले. एका मुलामागे वर्षाला सरासरी 3 लाख 18 हजार 400 पौंड. रुपयांत साडेतीन कोटींच्या वर. आठवड्याला सहा हजार पौंडांहून जास्त. एफडॅकचं एक प्रकरण बारा हजारांचं होतं ना? महागाई धरून दीडपट करा, अठरा हजार. म्हणजे बालगृहातले तीन आठवडे. तीन आठवड्यांच्या खर्चात एक अख्खं घर सहा महिने पथकाच्या हाताखाली राहतं, आणि ते म्हणे परवडत नाही. घाई करू नका, आक्षेप मला माहीत आहे. काढून घेतलेलं प्रत्येक मूल बालगृहात जात नाही. तान्ही बाळं बहुतेक वेळा फॉस्टर घरी जातात, काही नातेवाइकांकडे, काही दत्तक, आणि ते पुष्कळ स्वस्त पडतं. खरं आहे. पण तेच बाळ चार फॉस्टर घरं फिरून चौदाव्या वर्षी कुठल्या दारात उभं असतं, तेही माझ्या बिलांत दिसतं.

ती दारं कुणाची, हेही विचारा. इंग्लंडमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य जागा खासगी मालकीच्या आहेत. स्पर्धा प्राधिकरणाने मार्च 2022 मध्ये या धंद्याची चौकशी करून सांगितलं, की 2016 ते 2020 या काळात सर्वांत मोठ्या पंधरा कंपन्यांचा बालगृहांवरचा नफा सरासरी 22.6 टक्के होता. फॉस्टर एजन्सींचा 19.4 टक्के. किराणा दुकानदाराला एवढा सुटला तर तो दिवाळीला गिऱ्हाइकांना मिठाई वाटेल. इथे गिऱ्हाईक आम्ही. मूल रात्री नऊ वाजता ऑफिसात बसलेलं आहे, जागा आत्ता हवी आहे, आणि फोनच्या पलीकडचा माणूस जो आकडा सांगेल त्याला हो म्हणायचं. घासाघीस कसली करता? यातल्या काही कंपन्यांमागे गुंतवणूक फंड आहेत. वेल्सने 2025 मध्ये कायदा करून मुलांच्या संगोपनातला नफा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये मात्र सार्वजनिक खर्चाची चिंता वाहणारे लेख व्यसनी आयांवर लिहिले जातात, त्या 22.6 टक्क्यांवर नाही. यालाच आपल्याकडे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात.

एक जुनी गंमत सांगते. ज्या 2008 मध्ये क्रिक्टन यांचं कोर्ट सुरू झालं, त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरकारने मुलांच्या संरक्षणाचा अर्ज कोर्टात दाखल करायची फी 150 पौंडांवरून थेट 4,825 पौंडांपर्यंत नेली. ही फी भरणार कौन्सिल, म्हणजे सरकारच. घेणार कोर्ट, म्हणजे सरकारच. डाव्या खिशातून उजव्या खिशात. पैसे लागतात म्हणून मुलांना वाचवायचे अर्ज लांबणीवर पडत असतील का, हे बघायला फ्रान्सिस प्लाउडन यांना नेमलं, आणि त्यांनी फी रद्दच करा असं सांगितलं. झाली नाही. आजही आम्ही ती भरतो, रक्कम तेवढी बदलली. ती नोंद मी स्वतः करते आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडून एक अपशब्द जातो, मराठीत, म्हणून चालून जातं.

आता आपल्या लोकांविषयी. हॅरोतल्या एका गणपतीच्या जेवणात माझ्या पानाशेजारी एक काका होते. अकाउंटन्सीत आयुष्य गेलेलं, दोन्ही मुलगे डॉक्टर. मी काय काम करते ते ऐकून घेतलं, मसालेभात संपवला, मग म्हणाले, “अगं, पण यांनी ड्रग्ज घ्यायचे आणि बिल आपण भरायचं? आपण इथे दोन सुटकेसी घेऊन आलो, कुणापुढे हात नाही पसरला.”

मी म्हटलं, “काका, बिल तुम्ही भरताच आहात. तुम्ही फक्त महागडं भरताय.”

“ते कसं?”

मग मी कागदी पत्रावळीच्या कडेला आकडे लिहून दाखवले. काका हिशेबाचे पक्के. त्यांनी बेरीज तपासली, बरोबर निघाली, आणि मग ते म्हणाले ते मला फार मोलाचं वाटलं. म्हणाले, “आकडे बरोबर आहेत, पण मनाला पटत नाही.” निदान प्रामाणिक माणूस. बाकीचे मनाला न पटल्याचं सांगत नाहीत, आकड्यांवर ढकलतात. मंत्र्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सार्वजनिक खर्चाच्या नावाने जो गळा काढला जातो त्यातला निम्मा भाग हाच आहे. या बायकांना काही मिळू नये असं वाटतं, ते बोलायची लाज वाटते, म्हणून करदात्याला पुढे करायचं. मी करदाती आहे. दर महिन्याला कौन्सिल टॅक्स भरते. माझ्या नावावर हे खपवू नका.

बायकांना, असं मी मुद्दाम म्हणते. या सगळ्या प्रकरणात बाप नावाचा प्राणी बिलांतसुद्धा क्वचित दिसतो. 2014 च्या ब्रुनेल विद्यापीठाच्या पाहणीत एफडॅकमधल्या 40 टक्के आयांनी व्यसन थांबवलं होतं, नेहमीच्या कोर्टातल्या 25 टक्क्यांनी. बापांमध्ये 25 विरुद्ध 5. म्हणजे या कोर्टाने बापही थोडे सुधारतात. पण मूल कुणाच्या हातून गेलं असं गाव विचारतं, तेव्हा उत्तरात बापाचं नाव नसतं, मग गाव लंडन असो नाहीतर सांगली.

या कोर्टाची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. त्याच्या बाजूचे अभ्यास लहान आहेत. कुणी चिठ्ठ्या टाकून आया दोन कोर्टांत वाटलेल्या नाहीत. एफडॅकला आईबापांची तयारी लागते, आणि ज्याची तयारी आहे तो आधीच निम्मी वाट चाललेला असतो, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पथकाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उद्या त्याच बाईविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते, हे मला खटकतं. आणि इथे येऊनही पुष्कळ मुलं घरी जात नाहीत. सहासात महिने धडपड करून शेवटी न्यायाधीश नाही म्हणतात, आणि ज्याने दर पंधरा दिवसांनी तुम्हाला बरं बोलून धीर दिला त्याच्याच तोंडून ते ऐकावं लागतं. पण तिथेही एक गोष्ट घडते. फाउंडेशन्स या संस्थेने 2023 मध्ये छापलेल्या मूल्यमापनात एफडॅकची जेमतेम 4.2 टक्के प्रकरणं शेवटच्या सुनावणीत भांडत गेली, तुलनेतली 23.8 टक्के. नाही ऐकलेली बाईसुद्धा का ते समजून बाहेर पडते. त्याच मूल्यमापनात मूल सांभाळणाऱ्या पालकाकडे परत गेलेली मुलं 52 टक्के, तुलनेत 12.5. लॅंकेस्टर विद्यापीठाच्या 2016 च्या पाठपुराव्यात मूल परत मिळालेल्या आयांपैकी पाच वर्षांनीही व्यसनापासून दूर राहिलेल्या 58 टक्के, नेहमीच्या वाटेवरच्या 24. अभ्यास लहान आहेत, मान्य. पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात.

आणि पुरावा पुरावा काय करता? बारा हजारांच्या गोष्टीला विद्यापीठांनी एकामागून एक चाळण्या लावल्या. वर्षाला तीन लाख अठरा हजारांच्या गोष्टीला कुणी विचारलं, की बाबा रे, या मुलाला अशा घरात ठेवल्याने ते पाच वर्षांनी कुठे असेल, याचा तुलनागट दाखव? माझ्यासमोर असा कागद कधी आलेला नाही. बिल येतं, मी क्रमांक पडताळते, पैसे जातात.

माझा खरा राग मात्र आमच्याच बाजूच्या लोकांवर आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एक पौंड घाला, दोन पौंड तीस मिळवा, अशी पाटी या कोर्टाच्या गळ्यात त्यांनी स्वतः अडकवली. मागच्या परिच्छेदांत मीही तीच वाजवली, कारण हिशेबाच्या बैठकीत दुसरं वाद्य चालत नाही. पण मग उद्या कुणी नवा हिशेब काढला आणि एका पौंडामागे नव्वद पेन्सच निघाले, तर? दार बंद करायचं? सरकार एखाद्या बाईच्या कुशीतून मूल उचलतं, यापेक्षा मोठी सत्ता शांततेच्या काळात सरकार कुणावर गाजवत नाही. ती गाजवण्याआधी तिला नीट संधी द्यायची की नाही, हा परताव्याचा प्रश्न झाला कसा? खुनाच्या आरोपीला वकील देताना कुणी विचारत नाही, एका पौंडामागे किती सुटले. अपील कोर्ट दर पौंडामागे किती वाचवतं, याचा अहवाल मी पाहिलेला नाही. तो फक्त गरिबांच्या कोर्टाकडे मागतात.

पुण्याला बहिणीशी फोनवर हे बोलत होते तर ती म्हणाली, तुमच्याकडे निदान भांडायला कोर्ट तरी आहे. तिचं बरोबर आहे. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर आणि अनिता आणि अनिल अवचटांच्या कष्टांवर. दारूवरचा कर मात्र तेव्हाही सरकारच गोळा करत होतं, आणि जून 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तो वाढवताना आणखी 14 हजार कोटींची अपेक्षा ठेवली. इथेही वेगळं नाही. ब्रिटनच्या तिजोरीत दारूवरच्या करातून वर्षाला 12 अब्ज पौंडांहून जास्त येतात. घेताना तिजोरी एक असते. द्यायची वेळ आली की तिचे चाळीस कप्पे होतात, आणि एका कप्प्याची किल्ली दुसऱ्याकडे नसते.

ही जी मुलं आज काढून घेतली जातात, त्यांचं पुढे काय होतं त्याची थोडी कल्पना करून ठेवा. कॅरन ब्रॉडहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या कोर्टांच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, की एकदा या फेऱ्यात आलेल्या चारपैकी साधारण एक आई सात वर्षांच्या आत पुन्हा त्याच कोर्टात येते, बहुतेकदा नव्या बाळासह. वारंवार येणाऱ्या आयांकडे त्यांनी जवळून पाहिलं तर त्यांतल्या 40 टक्के स्वतः लहानपणी सरकारी देखरेखीत वाढलेल्या होत्या. म्हणजे त्यांच्या टॅक्सीचं बिलही कधीकाळी माझ्यासारख्याच कुणीतरी मंजूर केलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या आईसाठी पथक परवडलं नव्हतं.

पायलट नको, पुरस्कार नको, वकिलांच्या वर्गणीचे समारंभ तर मुळीच नकोत. चिल्ड्रेन अॅक्टमध्ये एक कलम घाला, की व्यसनामुळे मूल काढून घ्यायचा अर्ज आला तर आईबापांना अशा कोर्टासमोर जायचा हक्क आहे आणि त्याची तजवीज करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. एकदा ती ओळ ऐच्छिकमधून वैधानिकमध्ये आली की आमच्या बैठकीत तिच्यावर कुणाची पेन्सिल टेकणार नाही. पैसे कुठून येतील असं विचारणाऱ्यांना मी ती जागा दाखवेन जिथून बालगृहांसाठी ते दर सोमवारी सापडतात.